विखंडन, संमीलन की रासायनिक अभिक्रिया : समोरचे समीकरण ओळखण्याची रीत

मेणबत्तीची ज्योत, अणुभट्टीतली युरेनियम इंधनाची कांडी आणि सूर्य या तिन्हींमधून उष्णता बाहेर पडते. तिन्ही ठिकाणी सुरुवातीचा पदार्थ हळूहळू संपतो आणि त्याच्या जागी दुसरेच काही तयार होत जाते. त्यामुळे बोलताना आपण तिन्हींना सरसकट ‘जळणे’ म्हणतो. ‘सूर्यात हायड्रोजन जळतो’, ‘अणुभट्टीत युरेनियम जळते’ ही वाक्ये कानाला इतकी सवयीची झाली आहेत की त्यांतली चूक आता खटकतही नाही. प्रत्यक्षात मेणबत्तीत रासायनिक अभिक्रिया घडते, अणुभट्टीत केंद्रकीय विखंडन (जड केंद्रक फुटणे) घडते आणि सूर्यात केंद्रकीय संमीलन (हलकी केंद्रके जुळणे).

या तिघांतला फरक विचारला की बहुतेक जण ऊर्जेच्या आकड्यापासून सुरुवात करतात: थोडी ऊर्जा असेल तर रासायनिक, प्रचंड असेल तर केंद्रकीय. माझ्या मते इथेच वाट चुकते. उष्णता, प्रकाश, आवाज, स्फोट हे सगळे परिणाम आहेत आणि परिणामांवरून केलेली ओळख नेमकी अवघड प्रसंगी दगा देते. सूर्याच्या गाभ्यातल्या एका घनमीटरमध्ये दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता तीनशे ज्यूलहूनही कमी असते. तेवढ्याच आकारमानाच्या जिवंत शरीरांत चालणाऱ्या रासायनिक अभिक्रिया याहून कितीतरी जास्त उष्णता देतात. सूर्याचे तेज त्याच्या अवाढव्य आकारातून येते. म्हणून या लेखात क्रम उलटा ठेवला आहे: अणूच्या कोणत्या भागाला हात लागला हे आधी तपासायचे, मग आकड्यांचा हिशेब जुळवायचा आणि ऊर्जा शेवटी, पडताळ्यापुरती, वापरायची.

सारख्या वाटणाऱ्या शब्दांची फोड

गोंधळाचे मूळ पुष्कळदा ‘तुटणे’ आणि ‘जुळणे’ या दोन साध्या क्रियापदांत असते. चुनखडी तापवली की तिचे कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड असे दोन भाग होतात. एकाचे दोन झाले म्हणून ते विखंडन ठरत नाही. रसायनशास्त्रात त्याला अपघटन म्हणतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन जुळून पाणी तयार होते, पण ते संमीलन नव्हे. ती संयोग अभिक्रिया आहे. विखंडन आणि संमीलन हे शब्द केंद्रकासाठी राखून ठेवावेत, म्हणजे अर्धे काम तिथेच होते. मराठीत त्यासाठी वेगवेगळे शब्द तयार आहेत, ही आपली सोयच आहे. ती वापरात मात्र काटेकोरपणे आणली पाहिजे.

‘अणुऊर्जा’ हा शब्दही थोडी दिशाभूल करतो. लाकूड जळते तेव्हाही अणूच एकमेकांशी जोडले जातात, म्हणजे त्या अर्थाने तीही अणूंचीच ऊर्जा आहे. फरक अणूच्या आत कुठे काय घडले यात आहे. अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान त्याच्या केंद्रकात, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्या घट्ट गाठोड्यात असते. केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारांश भागाहूनही लहान भरतो. उरलेल्या जागेत इलेक्ट्रॉन असतात. रासायनिक अभिक्रियेत फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण किंवा भागीदारी होते आणि केंद्रकाला त्याचा पत्ताही लागत नाही. विखंडनात आणि संमीलनात केंद्रकच बदलते.

पायरी पहिली : दोन्ही बाजूंच्या मूलद्रव्यांची यादी करा

समोर समीकरण असो, वर्णन असो की प्रयोग, आधी एका बाजूला सुरुवातीची मूलद्रव्ये लिहावीत आणि दुसऱ्या बाजूला शेवटची. संयुगे लिहू नयेत. ती फोडून मूलद्रव्ये लिहावीत.

मिथेन + २ ऑक्सिजन रेणू → कार्बन डायऑक्साइड + २ पाण्याचे रेणू

डावीकडे कार्बनचा १ अणू, हायड्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे ४. उजवीकडेही कार्बनचा १, हायड्रोजनचे ४, ऑक्सिजनचे ४. नावे तीच, प्रत्येकाची संख्याही तीच; बदलली ती फक्त कोणाशी कोण जोडलेले आहे ही मांडणी. ही रासायनिक अभिक्रिया झाली.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मेणबत्ती पुरते. ज्योतीत क्षणभर थंड चमचा धरला की त्यावर काजळी बसते. ती मेणातल्या कार्बनचीच आहे. ज्योतीवर कोरडे काचेचे भांडे उपडे धरले तर आतून पाण्याचे बारीक थेंब जमतात. त्यांतला हायड्रोजन मेणातून आलेला असतो. त्याच भांड्यात चुन्याची निवळी घालून हलवली तर ती दुधाळ होते, कारण उरलेला कार्बन आता कार्बन डायऑक्साइडच्या रूपात तिथे हजर असतो. मेण दिसेनासे झाले, तरी त्यातले एकही मूलद्रव्य नाहीसे झाले नाही. मेणबत्ती कितीही वेळ जाळली तरी कार्बनचे नायट्रोजन होणार नाही.

आता दुसरे समीकरण पाहा.

युरेनियम-२३५ + न्यूट्रॉन → बेरियम-१४१ + क्रिप्टॉन-९२ + ३ न्यूट्रॉन

डावीकडे युरेनियम आहे, उजवीकडे त्याचा मागमूस नाही. तिथे बेरियम आणि क्रिप्टॉन ही आधी नसलेली दोन मूलद्रव्ये आली आहेत. मूलद्रव्य त्याच्या केंद्रकातल्या प्रोटॉनांच्या संख्येवरून, म्हणजे अणुअंकावरून ठरते. म्हणून मूलद्रव्यांची नावे बदलली की केंद्रकाला हात लागला हे नक्की.

विखंडनाचा शोध नेमका याच पायरीवर लागला. १९३८ च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये ओटो हान आणि फ्रिट्झ श्ट्रासमान हे दोन रसायनशास्त्रज्ञ न्यूट्रॉनांचा मारा केलेल्या युरेनियममधून निघणारे पदार्थ वेगळे करत होते. त्यांना मिळालेला किरणोत्सारी पदार्थ रेडियम असावा असे त्यांना वाटत होते. तो इतका अत्यल्प होता की तो गोळा करण्यासाठी त्याच्यासारखेच वागणारे बेरियम वाहक म्हणून मिसळावे लागे. त्यानंतर बेरियमपासून तो पुन्हा वेगळा काढायचा. खरे रेडियम अशा स्फटिकीकरणात बेरियमपासून हळूहळू वेगळे होत जाते, आणि पडताळ्यासाठी मुद्दाम घेतलेले खरे रेडियम तसे वेगळे झालेही. युरेनियममधून आलेला पदार्थ मात्र काही केल्या बेरियमची संगत सोडेना. याचा अर्थ तो बेरियमच होता. ५६ प्रोटॉनांचे बेरियम ९२ प्रोटॉनांच्या युरेनियममधून कसे आले याचा उलगडा भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइट्नर आणि तिचा भाचा ओटो फ्रिश यांनी त्याच नाताळच्या सुट्टीत स्वीडनमध्ये केला: केंद्रक पाण्याच्या थेंबासारखे लांबून मधोमध तुटले होते. या घटनेचे ‘फिशन’ हे इंग्रजी नाव फ्रिशने पेशीविभाजनावरून घेतले. एका साध्या रासायनिक विलगीकरणाने केंद्रकीय घटना सिद्ध केली, हे मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते, कारण मूलद्रव्य ओळखता आले तर बाकीचे मागून येते, ही या पायरीमागची खात्री तिथेच पक्की झाली.

पायरी दुसरी : अणुअंक आणि वस्तुमानांक मोजा

पहिली पायरी बहुतेक वेळा पुरते, पण नेहमी नाही. सूर्यातल्या संमीलनाची पहिली पायरी अशी आहे:

हायड्रोजन-१ + हायड्रोजन-१ → हायड्रोजन-२ + पॉझिट्रॉन + न्यूट्रिनो

(पॉझिट्रॉन म्हणजे धनप्रभाराचा इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो म्हणजे प्रभार नसलेला अतिशय हलका कण.) नावांची यादी केली तर दोन्हीकडे हायड्रोजनच दिसतो आणि घाईत ही रासायनिक घटना वाटू शकते. नावापुढचा आकडा, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून होणारा वस्तुमानांक, इथे कामाला येतो. १ आणि १ वस्तुमानांकाच्या दोन केंद्रकांपासून २ वस्तुमानांकाचे एकच केंद्रक झाले, म्हणजे दोन केंद्रके खरोखर एक झाली. एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांकांच्या अणूंना समस्थानिके म्हणतात. समस्थानिक बदलले की मूलद्रव्याचे नाव तेच राहूनही घटना केंद्रकीय असते, हे पक्के लक्षात ठेवावे.

प्रत्येक केंद्रकीय समीकरणात दोन बेरजा जुळल्याच पाहिजेत: वस्तुमानांकांची आणि विद्युतप्रभाराची. युरेनियमच्या वरच्या समीकरणात डावीकडे वस्तुमानांक २३५ अधिक १, म्हणजे २३६; उजवीकडे १४१ अधिक ९२ अधिक ३, म्हणजे २३६. अणुअंक, म्हणजे केंद्रकाचा प्रभार, डावीकडे ९२. उजवीकडे बेरियमचे ५६ आणि क्रिप्टॉनचे ३६ मिळून ९२. बेरीज जुळत नसेल तर समीकरण लिहिण्यातच चूक आहे. बहुधा एखादा न्यूट्रॉन लिहायचा राहिलेला असतो.

रासायनिक समीकरण मात्र याहून कडक नियम पाळते. तिथे एकूण बेरीज जुळणे पुरत नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूंची संख्या स्वतंत्रपणे जुळावी लागते. विद्यार्थ्यांनी हे एक वाक्य वहीत वेगळे लिहून ठेवावे असे मला वाटते.

पायरी तिसरी : तुटले की जुळले, आणि कोणत्या टोकाचे

घटना केंद्रकीय आहे हे ठरल्यावरच विखंडन की संमीलन हा प्रश्न विचारायचा. युरेनियम-२३५ किंवा प्लुटोनियम-२३९ यांसारखे एक जड केंद्रक फुटून मध्यम आकाराची दोन केंद्रके झाली तर ते विखंडन. दोन हलकी केंद्रके एकत्र येऊन त्यांच्याहून जड केंद्रक झाले तर ते संमीलन:

ड्युटेरियम (हायड्रोजन-२) + ट्रिटियम (हायड्रोजन-३) → हेलियम-४ + न्यूट्रॉन

तुटल्यानेही ऊर्जा मिळते आणि जुळल्यानेही मिळते, हे पहिल्यांदा ऐकताना परस्परविरोधी वाटते. इथे थोडे थांबायला हवे, कारण हे कळले की बाकी सगळे आपोआप जागेवर बसते. केंद्रकातला एकेक कण किती घट्ट बांधलेला आहे हे त्याच्या वाट्याला येणाऱ्या बंधनऊर्जेवरून, म्हणजे केंद्रक सुट्या कणांत मोकळे करायला लागणाऱ्या ऊर्जेवरून कळते. ती इलेक्ट्रॉन-व्होल्ट या अणूंच्या पातळीवरच्या छोट्या एककात मोजतात; मेगा म्हणजे त्याच्या दहा लाख पट. ड्युटेरियममध्ये ती प्रत्येक कणामागे सुमारे १.१ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, हेलियम-४ मध्ये ७.१, लोह आणि निकेल यांच्या आसपास सर्वाधिक म्हणजे ८.८, आणि पुढे पुन्हा उतरत उतरत युरेनियममध्ये ७.६ होते. म्हणजे एका बाजूला उभा चढ, मधे लोहाचा माथा आणि पलीकडे लांबलचक सौम्य उतार. कोणत्याही बाजूने माथ्याकडे सरकले की केंद्रक अधिक घट्ट बांधले जाते आणि फरकाची ऊर्जा बाहेर पडते. हलकी केंद्रके जुळून माथ्याकडे जातात, जड केंद्रके फुटून माथ्याकडे येतात. लोह फोडून किंवा लोहाला लोह जोडून ऊर्जा मिळवता येत नाही, याचे कारणही हेच. हायड्रोजनच्या बाजूचा चढ जास्त उभा असल्यामुळे त्या बाजूला प्रत्येक कणामागे मिळणारी ऊर्जाही जास्त असते.

यातून एक चाचणी मिळते. कोणी लोहाच्या विखंडनातून वीज मिळवल्याचा दावा केला, तर कोणतेही उपकरण न हाताळता तो बाजूला ठेवता येतो.

दोन्हींपैकी काहीच नसलेल्या केंद्रकीय घटना

इथे बहुतेक लेख थांबतात, पण सर्वाधिक चुका इथेच होतात. केंद्रक बदलले म्हणजे विखंडन किंवा संमीलन झालेच पाहिजे असे नाही. रेडियम-२२६ मधून हेलियम-४ चे केंद्रक बाहेर पडते आणि रेडॉन-२२२ उरते. एकाचे दोन झाले खरे, पण मूळ केंद्रकाचा फक्त एक कपचा उडाला. याला अल्फा क्षय म्हणतात. विखंडनात दोन्ही तुकडे भरभक्कम असतात. कार्बन-१४ चे नायट्रोजन-१४ होते तेव्हा तर काही तुटतही नाही आणि जुळतही नाही: आतल्या एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. हा बीटा क्षय. कोबाल्ट-५९ ने एक न्यूट्रॉन गिळला की कोबाल्ट-६० होते; तेही संमीलन नव्हे, न्यूट्रॉनग्रहण आहे, कारण संमीलन म्हणायचे तर जुळणारी दोन्ही धनप्रभारित केंद्रके असावी लागतात आणि त्यांना एकमेकांना दूर लोटणारे बल ओलांडावे लागते. १९१९ मध्ये रदरफर्डने जाहीर केलेल्या प्रयोगात नायट्रोजनवर हेलियमची केंद्रके आदळून ऑक्सिजन-१७ आणि प्रोटॉन मिळाले. हे एका मूलद्रव्याचे दुसऱ्यात झालेले रूपांतर एवढेच म्हणणे योग्य.

उलट, डावीकडे न्यूट्रॉन दिसत नाही म्हणून विखंडन नाकारणेही चूक. कॅलिफोर्नियम-२५२ ची काही केंद्रके कोणीही धक्का न देता आपोआप मधोमध फुटतात. त्याला स्वयंस्फूर्त विखंडन म्हणतात.

पायरी चौथी : घटना कशाने सुरू झाली ते पाहा

आगकाडी, ठिणगी, थोडी उष्णता, उत्प्रेरक, दाब, संहती यांपैकी कशानेही वेग बदलत असेल तर घटना रासायनिक असण्याचा संभव दाट असतो, कारण या गोष्टी इलेक्ट्रॉनांपर्यंतच पोहोचतात. केंद्रकाला त्यांची दाद नसते. मेरी क्युरीने १८९८ मध्ये दाखवून दिले की युरेनियमच्या किरणांची तीव्रता नमुन्यात युरेनियम किती आहे यावरच अवलंबून असते. ते कोणत्या संयुगात बांधलेले आहे याने फरक पडत नाही. रेडियम जाळा, आम्लात विरघळवा किंवा गोठवा, त्याचा क्षय त्याच गतीने चालू राहतो. काही मोजक्या समस्थानिकांमध्ये केंद्रक स्वतःच्या अणूतला इलेक्ट्रॉन ओढून घेते. अशा ठिकाणी संयुगाचा अगदी किंचित परिणाम दिसतो, पण तो अपवाद आहे.

विखंडनासाठी उष्णता लागत नाही. न्यूट्रॉनवर विद्युतप्रभार नसल्यामुळे तो केंद्रकाकडे बिनविरोध जातो, आणि युरेनियम-२३५ च्या बाबतीत सावकाश येणारा न्यूट्रॉन अधिक परिणामकारक ठरतो. म्हणूनच अणुभट्टीत पाणी, जड पाणी किंवा ग्रॅफाइट वापरून न्यूट्रॉनांचा वेग मुद्दाम कमी करतात. सुमारे २०० कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या गॅबनमधल्या ओक्लो येथे जमिनीखालच्या युरेनियम खनिजात झिरपलेल्या पाण्याने हेच काम केले आणि विखंडन आपोआप सुरू झाले. १९७२ मध्ये त्याचा पत्ता लागला तो युरेनियम-२३५ चे प्रमाण नेहमीच्या ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के भरले म्हणून. तिसऱ्या दशांशातला हा फरक कोणत्याही रासायनिक प्रक्रियेने समजावता येत नव्हता. रसायनशास्त्राच्या दृष्टीने युरेनियमची दोन समस्थानिके जवळजवळ सारखीच असतात, तेव्हा त्यांपैकी नेमके एकच कमी झाले असेल तर त्याचे केंद्रक खर्ची पडले असाच त्याचा अर्थ होतो.

संमीलनाला मात्र प्रचंड तापमान लागते. दोन्ही केंद्रके धनप्रभारित असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात आणि फार वेगाने आदळली तरच जवळ येतात. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे १.५ कोटी अंश सेल्सिअस आहे. तिथे प्रचंड घनता आणि अमाप काळ यांची मदत मिळते. पृथ्वीवरच्या यंत्रांना ती सवलत नाही, म्हणून ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांसाठी १० कोटी अंशांहून अधिक तापमान गाठावे लागते. एवढ्या तापमानाला इलेक्ट्रॉन केंद्रकांपासून केव्हाच सुटलेले असतात. रासायनिक बंध नावाची गोष्टच तिथे शिल्लक नसते.

पायरी पाचवी : एका घटनेमागची ऊर्जा काढा

आता ऊर्जा. तुलना करताना नेहमी एका अणूमागची किंवा एका केंद्रकामागची ऊर्जा घ्यावी, एकूण स्फोटाची घेऊ नये. कार्बनचा एक अणू पूर्ण जळला तर सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक फुटले तर सुमारे २० कोटी. ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्या एका संमीलनात १.७६ कोटी. रासायनिक अभिक्रिया एकेरी आकड्यांत आणि केंद्रकीय घटना लाखो-कोटींत, अशी ही दरी आहे.

इथे एक खाचखळगा आहे. एका घटनेमागे पाहिले तर विखंडन संमीलनाच्या अकरापटीहून अधिक ऊर्जा देते, आणि तरीही ‘संमीलनातून जास्त ऊर्जा मिळते’ असे आपण वाचतो. दोन्ही विधाने खरी आहेत. विखंडनात २३६ कण भाग घेतात, तर या संमीलनात फक्त ५. एका कणामागे हिशेब केला तर विखंडनात सुमारे ०.८५ आणि संमीलनात ३.५ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात, म्हणून तेवढ्याच वजनाच्या इंधनातून संमीलन सुमारे चौपट ऊर्जा देते. कोणता हिशेब चालू आहे, घटनेमागचा की किलोग्रॅममागचा, हे लिहिणाऱ्याने स्पष्ट केलेच पाहिजे.

ही ऊर्जा हरवलेल्या वस्तुमानातून येते, आणि ते स्वतः वजाबाकी करून पाहण्यासारखे आहे. अणुवस्तुमानाच्या एककात ड्युटेरियम २.०१४१०२ आणि ट्रिटियम ३.०१६०४९, बेरीज ५.०३०१५१. हेलियम-४ चे ४.००२६०२ आणि न्यूट्रॉनचे १.००८६६५, बेरीज ५.०११२६७. फरक ०.०१८८८४. एका एककाची ऊर्जा ९३१.५ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, म्हणून गुणाकार १७.६ येतो, तोच वरचा १.७६ कोटी. वस्तुमानाचा जवळजवळ ०.४ टक्के भाग ऊर्जेत गेला. विखंडनात हे प्रमाण सुमारे ०.१ टक्का असते.

रासायनिक अभिक्रियेत वस्तुमान अजिबात घटत नाही असे शाळेत शिकवले जाते. कोणत्याही साध्या तराजूसाठी ते बरोबरच आहे. काटेकोरपणे पाहिले तर १२ ग्रॅम कार्बन ३२ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये जळून उष्णता निघून गेल्यावर कार्बन डायऑक्साइडचे वजन ४४ ग्रॅमहून सुमारे ४.४ नॅनोग्रॅमने कमी भरेल, म्हणजे हजार कोटींत एक भाग. तत्त्व तिन्ही ठिकाणी एकच आहे. केंद्रकीय घटनेत ते मोजता येण्याजोगे होते, एवढाच फरक.

सूर्याला रासायनिक आग मानले तर काय होते हेही या पायरीवरून कळते. तो सगळा कोळशाचा असता आणि जळायला हवा तेवढा ऑक्सिजन बाहेरून मिळत राहिला असता, तरी आजच्या तेजाने तो जेमतेम काही हजार वर्षे टिकला असता. पृथ्वीचे वय मात्र सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे.

पायरी सहावी : मागे काय उरले

रासायनिक अभिक्रियेनंतर राख, वायू, पाणी, क्षार उरतात. सुरुवातीचे पदार्थ किरणोत्सारी नसतील तर शेवटचेही नसतात. विखंडनातले तुकडे न्यूट्रॉनांनी अवाजवी भरलेले असतात आणि बहुतेक किरणोत्सारी असतात: आयोडीन-१३१ निम्मे व्हायला ८ दिवस लागतात, सीझियम-१३७ ला सुमारे ३० वर्षे. फुटण्याची रीतही दर वेळी तीच नसते. बेरियम आणि क्रिप्टॉन ही अनेक जोड्यांपैकी एक जोडी आहे. त्यामुळे मागे कित्येक मूलद्रव्यांचे मिश्रण सापडले तर ती विखंडनाची खास खूण समजावी. संमीलनातून येणारे हेलियम निरुपद्रवी असते, पण त्यावरून संमीलन पूर्ण स्वच्छ असते असे म्हणणे घाईचे ठरेल. ट्रिटियम स्वतः किरणोत्सारी आहे आणि वेगवान न्यूट्रॉन यंत्राच्या भिंतींना किरणोत्सारी करतात.

न्यूट्रॉनांची खूण किती निर्णायक असते ते १९८९ मध्ये दिसले. त्या वर्षी २३ मार्चला अमेरिकेत यूटा येथे मार्टिन फ्लाइशमान आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी टेबलावरच्या साध्या विद्युत अपघटनात ड्युटेरियमचे संमीलन झाल्याचे जाहीर केले. त्यांचा आधार होता जास्तीच्या उष्णतेचा. आता हिशेब करा: ड्युटेरियमच्या संमीलनातून एक वॅट उष्णता मिळत असेल तर दर सेकंदाला सुमारे एक लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. ते सापडले नाहीत, आणि इतर प्रयोगशाळांनाही दावा पडताळून दाखवता आला नाही. नुसत्या उष्णतेवरून घटना ओळखू नये हा सुरुवातीचा इशारा इथे लागू पडतो.

फसवणाऱ्या खुणा

काही खुणांवर लोक भरवसा ठेवतात, पण त्या कुचकामी आहेत. शृंखला अभिक्रिया (एका घटनेतून सुटलेले कण पुढच्या घटना घडवत जाणे) म्हणजे विखंडनच, असे नाही. प्रकाश पडल्यावर हायड्रोजन आणि क्लोरीन यांची अभिक्रियाही शृंखलेने पुढे जाते, फक्त तिथे न्यूट्रॉनांऐवजी सुटे अणू ती पुढे नेतात. लखलखाट म्हणजे केंद्रकीय, असेही नाही. मॅग्नेशियमची फीत डोळे दिपवते आणि ती निव्वळ रासायनिक आहे. अणुभट्टीच्या पाण्यात दिसणारा निळा प्रकाश केंद्रकीय घटनेचा परिणाम असला तरी तो युरेनियमचा स्वतःचा रंग नव्हे: पाण्यात प्रकाशाचा वेग कमी होतो, त्याहून वेगाने जाणारे इलेक्ट्रॉन ती निळाई निर्माण करतात.

जागेवरूनही अंदाज बांधू नये. २०११ च्या मार्चमध्ये जपानमधल्या फुकुशिमा दाइची अणुऊर्जा केंद्रात इमारतींचे झालेले स्फोट अनेकांनी अणुस्फोट समजले. आपल्या पायऱ्या लावून पाहू. भूकंप होताच न्यूट्रॉन शोषून घेणाऱ्या नियंत्रक कांड्या आपोआप आत गेल्या आणि विखंडनाची शृंखला थांबली. तरीही इंधन तापत राहिले, कारण आधी तयार झालेल्या तुकड्यांचा किरणोत्सारी क्षय थांबवता येत नाही. ती केंद्रकीय उष्णता होती, पण विखंडनाची नव्हती. त्सुनामीमुळे शीतन बंद पडले, इंधनावरचे झिर्कोनियमचे आवरण तापून वाफेशी अभिक्रिया करू लागले आणि त्यातून हायड्रोजन सुटला. झिर्कोनियम दोन्ही बाजूंना आहे, हायड्रोजन आणि ऑक्सिजनही आहेत: रासायनिक. तो हायड्रोजन इमारतीत साचून हवेतल्या ऑक्सिजनशी पेटला: पुन्हा रासायनिक. छप्पर उडाले ते या साध्या हायड्रोजनच्या ज्वलनाने. बाहेर पसरलेले सीझियम मात्र आधीच्या विखंडनाचे होते.

शेवटचे आणि सर्वांत गुंतागुंतीचे उदाहरण हायड्रोजन बॉम्बचे. हायड्रोजन वायूच्या ज्वलनाशी त्याचा काही संबंध नाही, आणि त्याला केवळ संमीलनाचा बॉम्ब म्हणणेही अपुरे आहे. आरंभी नेहमीची रासायनिक स्फोटके फुटतात. मूलद्रव्यांची यादी तीच राहते. त्यांच्या दाबाने प्लुटोनियमसारखे इंधन आवळले जाते आणि विखंडन सुरू होते. यादीत नवी, मध्यम आकाराची मूलद्रव्ये येतात. विखंडनाच्या ऊर्जेने संमीलनाचे इंधन दाबले आणि तापवले जाते. त्यातले लिथियम-६ न्यूट्रॉन घेऊन हेलियम-४ आणि ट्रिटियम देते. लिथियम हे हलके केंद्रक असल्याने त्याच्या या तुटण्याला विखंडनाच्या रकान्यात घालत नाहीत. ते ट्रिटियम ड्युटेरियमशी जुळते तेव्हा खरे संमीलन होते. त्यातून सुटलेले वेगवान न्यूट्रॉन भोवतालच्या युरेनियम-२३८ वर आदळतात, आणि सावकाश न्यूट्रॉनांना दाद न देणारे ते केंद्रकही आता फुटते. म्हणून अशा अनेक बॉम्बांत एकूण ऊर्जेचा मोठा वाटा शेवटच्या विखंडनाचाच असतो आणि मागे उरणारा किरणोत्सारी कचराही मुख्यतः त्याचाच असतो.